पहिल्या नंबराच्या वर

बसस्टॉपच्या काचेआड तिचाच हात उभा होता, तिच्यापेक्षा उंच, आतून दिवा लावलेला. पाच बोटं स्टिअरिंगभोवती, मनगटावर ते चौकडीच्या तबकडीचं घड्याळ, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, आणि खाली टपोऱ्या अक्षरांत, यंदाचा पहिला क्रमांक. शाळा सुटल्याची गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती आणि ती दप्तर पोटाशी धरून तिथेच थांबली. आधी छाती फुगली. मग काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, घरातून निघताना आपण काहीतरी विसरलोय पण काय ते आठवत नाही, तसं. तिने हातावरून नजर फिरवली. अंगठ्याचं नख तेच, व्हॉलीबॉलने वाकडं झालेलं. करंगळीजवळचा तीळ तोच. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या मुळाशी मात्र नुसती कातडी होती. गुळगुळीत, दुधासारखी, कुणाचीही. तिने स्वतःची बाही वर सारली आणि खरा हात काचेला लावला. खऱ्या हातावर तो होता, अर्धा चंद्र, जुना, जरा चकाकणारा. काचेतल्या हातावर चंद्र नव्हता.

"हाच का तो?" वर्गात शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने विचारलं. हिला अख्खा वर्ग वकील म्हणायचा, कारण ती प्रार्थनेलासुद्धा हरकत घेऊ शकली असती. "तू म्हणाली होतीस ना, यंदा पहिल्या नंबरावर माझा हात येणार म्हणून? वर्गासमोर उभी राहून म्हणाली होतीस."

"हाच."

"मग तुझा तो डाग कुठाय?"

"डाग नाही तो."

"जे असेल ते. कुठाय?" वकिलाने काचेला नाक लावलं, मग तिचा हात धरून काचेशेजारी ठेवला, डोळे बारीक करून दोन्हींची तुलना केली आणि निकाल दिला, अगदी प्रेमाने दिला, त्याचंच जास्त लागलं. "हे बघ, हा तुझा नाही. तुझ्या बाबांनी ऐन वेळी दुसरीचा घेतला असणार. होतं असं. मी वर्गात नाही सांगणार कुणाला, तू काळजी करू नकोस."

बस आली, वकील चढली, खिडकीतून तिने हात हलवला, आणि बस गेली. ती स्वतः थांबली होती आईसाठी, कारण आज आई तिला गाडीतून न्यायला येणार होती, कारण आज संध्याकाळी बाबा फोटो देतो त्या मासिकाचा समारंभ होता. स्टॉपवरच्या बाकावर ती काचेकडे पाठ करून बसली, तरी पाठीला तो हात जाणवत होता. वर्षभर ती बाह्या दुमडून फिरत होती. त्याआधी कधी नाही. त्याआधी उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्या, कुणी विचारलं तर सर्दी. मग त्या मासिकाच्या गेल्या वर्षीच्या अंकात सहाव्या क्रमांकाच्या घड्याळाखाली तिचा हात आला, चंद्रासकट, चंद्रावर उजेडाची एक बारीक रेघ, आणि संपादकबाईंनी घरी फोन करून विचारलं, हा चंद्र कुणाचा हो, लोक घड्याळ सोडून त्याचंच विचारतायत. त्या दिवसापासून तिच्या बाह्या वर गेल्या. वर्गात हात वर करायला लागली. वक्तृत्वात उतरली, बोलताना डावा हात मुद्दाम पुढे नाचवायला लागली, आणि बक्षीस मिळालं तेव्हा बाई म्हणाल्या, तू बोलतेस कमी आणि तुझा हातच जास्त बोलतो. ती हसली होती. खरंच होतं ते. तिचा सगळा धीटपणा त्या अर्ध्या चंद्रातून वर आला होता, विहिरीतून पाणी यावं तसा, आणि आता कुणीतरी तिथे फरशी बसवली होती.

कुणीतरी म्हणजे कोण. हे तिला कळत होतं आणि ती त्याच्या कडेकडेने जात होती. फोटो बाबाने काढला होता. फोटोवर बसतो तो बाबाच. दुसऱ्या कुणाला तो त्याच्या संगणकाजवळ उभंसुद्धा राहू देत नाही.

बाबा घड्याळांचे फोटो काढतो, बाकी कशाचेही नाही. मासिकात दर वर्षी एक क्रमवारी येते, जुन्या घड्याळ कंपन्या आणि शर्यतीच्या गाड्या बनवणारा तो एक कारखाना, या दोघांनी मिळून काढलेल्या घड्याळांची. क्रमवारी लावतो तो मासिकातला जाणकार. घरात त्याचं नाव नंबरकाका, कारण तो चहा घेतानाही म्हणतो, हा चहा गेल्या वेळच्या खाली. पण नंबरकाकाच्या आधी घड्याळं त्यांच्या घरी यायची, सात मऊ डब्यांतून, आणि त्याच्या आधी क्रमवारी लागायची ती त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. हा खेळ कधी सुरू झाला तिला आठवत नाही. टेबल तिच्या हनुवटीपर्यंत यायचं तेव्हापासून. खालून वर जायचं, सातव्यापासून पहिल्याकडे. बाबा काच कशी वागते ते बघायचा; जी काच दिव्याला लगेच तोंड दाखवते ती उथळ, ती खाली. आई गाडी चालवायला शिकवते, म्हणून तिची कसोटी एकच: हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, आणि एका ओझरत्या नजरेत वेळ कळली पाहिजे. "एवढे काटे, एवढ्या छोट्या तबकड्या, वेग मोजायची वेगळी पट्टी," आई म्हणायची, "ही घालून माझा विद्यार्थी थेट खांबावर जाईल. सातवा." लेक मात्र घड्याळ कानाला लावायची. एकात आत काहीतरी घरंगळायचं, गाडीच्या चाकाच्या आकाराचं वजन होतं म्हणे ते, हात हलला की फिरायचं. एक खोकायचं. एक इतकं गप्प होतं की तिला त्याची भीती वाटायची. यंदाचं चौकडीवालं तिला आवडलं होतं. त्याच्या तबकडीवर जुन्या गाडीच्या सीटचं कापड ताणून बसवलं होतं, काळी-पांढरी चौकडी, आणि त्याचा आवाज कुणी शेजारच्या खोलीत शांतपणे विणत बसल्यासारखा होता. तिघांचं भांडण व्हायचं, घड्याळं मिठाच्या डबीपासून पाण्याच्या जगापर्यंत रांगेत लागायची, आणि पहिला नंबर ठरला की बाबा तिचा डावा हात उचलून रांगेच्या टोकाला ठेवायचा, पहिल्याच्याही पुढे. "आणि सगळ्यात वर हा," म्हणायचा. "हा चंद्र. याला नंबर नाही." दर वर्षी. यंदासुद्धा.

आणि त्याचा तो नियम. फोटो काढताना किल्ली ओढून घड्याळ थांबवायचं, मग हातात सुती मोजे, मग रबरी फुग्याने फूऽ करून तबकडीवरची धूळ उडवायची, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत. एकदा तिने त्याला घड्याळाच्या कडेवरचा बारीक ओरखडा दाखवला होता, हाही काढ ना म्हणून. बाबाने मोजा काढला आणि तिच्याकडे वळला, म्हणजे गोष्ट महत्त्वाची होती. "धूळ घड्याळाची नसते, भिंगरे. बाहेरून येऊन बसते. ती काढायची. ओरखडा घड्याळाचा असतो, तो ठेवायचा. जो फोटोवाला ओरखडा काढतो तो खोटारडा." तिने हे वाक्य वक्तृत्वात वापरलं होतं. बक्षीस त्याच वाक्याला मिळालं असणार असं तिला वाटायचं. बाकावर बसल्याबसल्या तिच्या मनात ते वाक्य आपोआप पूर्ण झालं, गणित सुटावं तसं, कोरडं: काढली ती धूळ.

तिने हात मांडीखाली घातला. पण तो तिथेही गरम लागत होता, आणि त्या गरमपणाबरोबर बाबाची ती फोटो काढायची खोली आली, जशी नेहमी येते, खालून वर. आधी फरशी, मग काळ्या पडद्याची कड, मग जुना दिवा, पत्र्याच्या गोल शेडचा, ज्याच्या उजेडात टेबलावर एक घड्याळ चमकत होतं आणि तिला ते हवं होतं. शाळेत जायच्याही आधीचं वय. आई शिकवणीला गेली होती, जाताना बजावून गेली होती की दिवे लावशील तेव्हा हिला आत घेऊ नकोस, आणि बाबाने हो म्हटलं होतं आणि आत घेतलं होतं. टाचा उंचावून तिने हात लांब केला आणि शेडची कडा हाताला लागली. दुखल्याचं तिला आठवत नाही. आठवतो तो बाबाचा चेहरा, नळाखाली तिचा हात धरलेला, त्याचेच ओठ पांढरे. पाण्याचा आवाज. आणि मग त्याने गुडघ्यावर बसून सांगितलेलं, कुणी खाऊ वाटून घ्यावा तसं: "आईला सांगू या इस्त्रीला लागलं. सकाळी तिने शर्टाला केली होती ना. आपलं दोघांचंच हं हे. तू आणि मी." आपलं दोघांचंच म्हणता येईल असं काही तिच्याकडे तोवर नव्हतंच. आता होतं. ती इस्त्री म्हणाली, रडत रडत, छान म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग इस्त्री उचलून खोक्यात घातली आणि ते खोकं परत कधी दिसलं नाही.

त्यानंतर त्यांच्या घरात कुणाच्या कपड्याला इस्त्री झाली नाही. तिचा गणवेश वर्षानुवर्षं चुरगळलेला. खेळाचे सर म्हणायचे, काय गं, गणवेश घालतेस की कोंबतेस. ती मान वर करून सांगायची, आमच्या घरी इस्त्री चालत नाही, जणू काही तत्त्वच होतं ते. बाबा मोठमोठ्या समारंभांना तसाच जायचा, कडक कॉलरच्या माणसांत एकटा सुरकुतलेला, आणि लोक म्हणायचे, कलावंत माणूस. पण तिला आत ठाऊक होतं की आईने इस्त्री का टाकली. आईला वाटतं तिच्या चुकीने झालं. हे तिच्या घशात बसलेलं होतं, न चावता गिळलेल्या घासासारखं. आईला ताप आला की सांगावंसं वाटायचं. आईचा वाढदिवस आला की सांगावंसं वाटायचं. मग बाबाकडे बघायची आणि तोंड मिटायची, कारण तू आणि मी. इतकी वर्षं तिने आईला एका खोट्याखाली ठेवलं होतं, त्याच्यासाठी, आणि त्याने ती खूणच पुसून टाकली. खोटं सांभाळायला तिच्याकडे ठेवलं, खूण मात्र काढून घेतली.

आईची गाडी आली, छपरावर शिकाऊचा फलक, समोरच्या दोन्ही सीटच्या पायाशी पेडलं. ती आईच्या नेहमीच्या जागी बसली, शिकवणाऱ्याच्या, जिथे फक्त एक ब्रेक असतो. आईने काचेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा गाडी निघाली.

"चंद्र काढला वाटतं त्याने," आई म्हणाली.

बाहेर दुकानांच्या पाट्या एकामागून एक मागे जात होत्या.

"कंपनीवाल्यांचा फोन आला होता, स्वच्छ हात हवा म्हणून. पैसे कापले तरी चालतील, नाही काढत, असं म्हणत होता आधी."

"तुला माहीत होतं?"

"फोन आलेला माहीत होता. काढेल असं नव्हतं वाटलं." आईने गिअर बदलला. "मनाला लावून घेऊ नकोस एवढं. फोटो आहे."

आणि तेव्हा ते बाहेर आलं, नको त्या जागी, चौकाच्या अलीकडे, तिने ज्यासाठी इतके वाढदिवस घालवले ते. "आई, ते इस्त्रीने नव्हतं झालं."

"ठाऊक आहे मला."

आई इतक्या सहज म्हणाली की आधी तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय ठाऊक आहे?"

"अगं, इस्त्रीला गोल कडा असते का कुठे? त्याच संध्याकाळी मी तो दिवा पुसायला घेतला, तर कडेला तुझ्या बाहीचा निळा धागा चिकटलेला. जळून कडक झालेला." आई आरशात बघत होती, मागून येणाऱ्या बसकडे. "म्हटलं तुझा बाबा आज सांगेल, उद्या सांगेल. नाही सांगितलं. इस्त्रीवर ढकललं ना त्याने, मग म्हटलं ठीक आहे, इस्त्री गेली घरातून. फिरू दे त्याला चुरगळलेला. तुला काय वाटलं, मला कंटाळा आहे इस्त्रीचा?"

तिचा पाय ब्रेकवर गेला. तिने ठरवलं नव्हतं, पायाने ठरवलं. गाडी जागच्या जागी गचका खाऊन थांबली, दोघी पट्ट्यांत पुढे ओढल्या गेल्या, मागे हॉर्नचा गलका झाला. आईने शांतपणे धोक्याचे दिवे लावले. विद्यार्थी असं करतात, तिला सवय होती.

"पाय काढ."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"पाय काढ, राणी. लोक थांबलेत." ती पाय काढेपर्यंत आई थांबली. गाडी पुन्हा चालू झाली. "तू किती खूश होतीस त्या दिवशी, माहितीये? हात भाजलेला आणि चेहरा असा की काहीतरी मिळालंय. बाबाबरोबरचं तुझं असं काहीतरी. ते मी कशाला काढून घेऊ? माझ्या पायाखाली ब्रेक असतो म्हणून मी दर वळणाला दाबत नाही. चालवू द्यायचं असतं."

"आणि समोर भिंत असेल तर?"

स्टिअरिंगवरचे आईचे हात जरा वर सरकले, एवढंच. तिला आठवलं, आईच्या तापात ती उशाशी बसून होती, ओठांपर्यंत आलेलं परत गिळत, आणि आई डोळे मिटून पडलेली. डोळे मिटून पडलेली आणि सगळं माहीत असलेली. दोघांचा काहीतरी खेळ चालला होता, एक खोटं बोलायचा, दुसरी ते ओळखून सुरकुत्यांनी सूड घ्यायची, आणि मध्ये ती, गणवेश चुरगळलेला, ओठ घट्ट मिटलेले, एकटीच सगळं खरं मानून इमानाने उभी. कुणी तिच्या क्रमवारीत वर राहिलं नव्हतं. तिने मनातल्या मनात टेबलावर पाहिलं. मिठाची डबी होती, पाण्याचा जग होता, मध्ये कुणी नव्हतं.

घरात बाबा नहाणीत होता, पाण्याच्या आवाजावर काहीतरी गुणगुणत. खुर्चीवर त्याचा आजचा शर्ट होता, पांढरा, धुऊन पिळून वाळवलेला, सुरकुत्यांनी भरलेला. टेबलावर ती सात घड्याळं परत जायच्या तयारीत डब्यांत निजली होती, चौकडीवालं सगळ्यात वर.

"इस्त्री कुठाय?" तिने विचारलं.

आई दुसऱ्या खुर्चीवर चढली, कपाटावरच्या बॅगांमागे हात घातला आणि खोकं काढलं. धूळ पुसली नाही. ते तिच्या हातात दिलं आणि जरा बाजूला झाली, शिकाऊला सीट द्यावी तशी.

इस्त्री तिने कधी जवळून पाहिलीच नव्हती. टोकदार नाक, सरळ बाजू. तिने ती थंड असतानाच आपल्या हातावर धरून पाहिली, आणि हसू आलं, वाईट हसू: कुठूनही बसत नव्हती. हे खोटं कुणालाच फसवण्याजोगं नव्हतं, तिच्याशिवाय. मग इस्त्री तापली, धुळीचा जळका वास आला, आणि तिने शर्ट टेबलावर पसरला. कॉलर. खांदे. पाठ. पाण्याचे शिंतोडे मारले की कापड चिडल्यासारखं चुरचुरायचं आणि मग मुकाट व्हायचं. एकेक सुरकुती ती इस्त्रीच्या नाकाने गाठायची, दाबायची, पुढे जायची. इतक्या वर्षांच्या होत्या, पण जात होत्या. फार सोपं होतं. हे तिला सगळ्यात भयंकर वाटलं, किती सोपं होतं ते. चंद्र इस्त्रीच्या वाफेत ओलसर चमकत होता आणि ती त्याला जपत नव्हती.

नहाणीचं दार उघडलं. बाबा टॉवेलने डोकं पुसत आला. "भिंगरे, पाहिलास का स्टॉपवर? केवढा लावलाय, बघ. मी मुद्दाम नाही सांगितलं, म्हटलं चालता चालता दिसू दे." तो खरंच खूश होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, तिने शोधली. "सगळ्या शहरात तुझा हात."

"माझा नाही म्हणाली वकील."

"का?" मग त्याला आठवलं. टॉवेल थांबला. "ते होय. अगं, तो डाग ना, त्यांनी फारच लावून धरलं. लोकांचं लक्ष घड्याळावरून उडतं म्हणाले. एका मिनिटाचं काम होतं. तुझ्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं मला."

डाग. आजवर त्याच्या तोंडून हा शब्द तिने ऐकला नव्हता. आत कुठेतरी किल्ली ओढल्यासारखं झालं आणि सगळे काटे जागच्या जागी उभे राहिले. तिने बटणं सोडून शर्ट उचलला, दोन्ही खांद्यांना धरून, जसा त्याने शाळेच्या पहिल्या दिवशी तिचा गणवेश धरला होता, आणि त्याच्यासमोर उभा केला. त्याने सवयीने हात घातला, एक बाही, दुसरी बाही, आणि मग त्याची बोटं कॉलरवरून घसरली. थांबली. परत फिरली.

"हे कशाने केलंस?"

"इस्त्रीने," दारातून आई म्हणाली.

बाबाने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने टेबलावर पाहिलं, टोकदार नाकाची ती वस्तू तिथे उभी होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. आता त्याचे ओठ पांढरे होते, नळाखालच्यासारखे. त्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तिच्याकडे वळून, भिंगरे एवढंच म्हणाला. ती त्याचं मनगटाजवळचं बटण लावत होती. डाव्या हाताने, त्याला दिसेल असं.

"एक पण सुरकुती ठेवली नाही बाबा," ती म्हणाली. "खूप होत्या. पण लोकांचं लक्ष उडतं."

खाली मासिकाची गाडी येऊन थांबली होती. तो जिना उतरला तो हात अंगापासून लांब धरून, एकेका पायरीवर थबकत. शर्ट चुरगळेल म्हणून नव्हे. शर्ट अजून गरम होता.